मोड्या आणि डिंकबाई

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात आत आला, मग एक खांदा, आणि मग उरलेला माणूस.

"सॉरी हं... तुम्हाला थांबवलं," असं म्हणत त्यानं पाचव्या मजल्याचं बटण दाबलं. मलाही पाचव्याच मजल्यावर जायचं होतं. मी नुसती मान हलवली. एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. तो डबा मी पोटाशी असा कवटाळला होता, की बघणाऱ्याला वाटावं आत तान्हं बाळ झोपलंय.

लिफ्ट थोडी चढली, कण्हली आणि मधेच थांबली. दिवा गेला. मग कोपऱ्यातला एक मिणमिणता पिवळा दिवा लागला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "ही लिफ्ट अधूनमधून रुसते. आपोआप निघतो तिचा राग."

"मी नाही घाबरले."

"मग डबा इतका घट्ट का धरलाय?"

मला हसू आलं. मी डबा हळूच खाली ठेवला. "डिंक आहे."

"डिंक? कशाचा?"

"लाकडाचा. म्हणजे लाकडासाठी... म्हणजे लाकडातूनच काढलेला."

"लाकडातून काढायचा आणि परत लाकडालाच लावायचा?" त्याच्या आवाजात हसू होतं. "हे म्हणजे शेजाऱ्याची कढई त्यालाच भेट देण्यासारखं झालं."

झालं! आमची वहिनी म्हणते, हिला लिग्निनबद्दल एक प्रश्न विचारला की नळाचा आटा गेल्यासारखं होतं – बंदच होत नाही. मी सुरू झाले. झाड सरळ उभं राहतं ते कशामुळे? लाकडाचे धागे एकमेकांना धरून ठेवणारं काहीतरी आत असतं, त्यामुळे. ते लिग्निन. कागदाच्या कारखान्यात आम्ही लाकूड शिजवतो, धागे ठेवतो, कागद करतो, आणि उरलेलं काळं पाणी आटवून भट्टीत जाळतो. अख्खं झाड ज्यानं वर्षानुवर्षं उभं धरलं, त्याला सरळ आगीत! मला त्यातून लिग्निन वेगळं काढून त्याचा प्लायवूडचा डिंक करायचा आहे. आत्ता त्या डिंकात जे फिनॉल जातं ते खनिज तेलातून येतं, महाग असतं, हाताला लागलं तर कातडं भाजतं. त्यातलं निम्मं काढून तिथे लिग्निन बसवायचं...

"श्वास घ्या," तो म्हणाला.

मी श्वास घेतला. पिवळ्या उजेडात तो माझ्याकडे बघत होता. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, जणू लिफ्ट अडकलीय हे विसरूनच गेला होता. कानावर पावसाचे दोन थेंब अजून तसेच. मला एकदम आठवलं, की सकाळी घाईत मी केस विंचरलेच नाहीत.

दिवे आले. लिफ्ट हलली आणि पाचव्या मजल्यावर दार उघडलं. "चला," म्हणत तो बाहेर पडला... नुसत्या मोज्यावर!

त्याचा उजवा बूट लिफ्टमध्येच होता. डब्याचं झाकण कधी सैल झालं, कधी काळी धार त्याच्या बुटापर्यंत गेली, आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. मी वाकून बूट ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. हलेना!

"चिकटलं!" मी ओरडले. "अहो, चिकटलं!"

"दिसतंय मला," तो म्हणाला. "अशा वेळी 'माफ करा' म्हणायची पद्धत आहे."

मी डबा उचलून बाहेर उडी मारली, माफी मागायला तोंड उघडलं, आणि मागे दार मिटलं. लिफ्ट वर निघाली. बूट एकटाच सातव्या मजल्यावर गेला.

आम्ही दोघं वर सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत राहिलो. मग तो हसायला लागला. असा हसला, की मला वाटलं हा माणूस अजून थोडा वेळ हसत राहावा... बूट मिळाला नाही तरी चालेल.

पाचव्या मजल्यावर तपासणीची प्रयोगशाळा होती. आमच्या कारखान्याचा डिंक चांगला की वाईट, हे तिऱ्हाइतानं सांगितल्याशिवाय वरची मंडळी ऐकणार नव्हती. मी खिडकीवर विचारलं, "प्लायवूडची तपासणी कोण करतं?"

"मोड्या," खिडकीतली बाई म्हणाली.

"कोण?"

"आमचे इंजिनियर. दिवसभर फळ्या तोडतात, म्हणून मोड्या. त्या कोपऱ्यातल्या खोलीत बघा."

कोपऱ्यातल्या खोलीत मी डोकावले. एक माणूस पाठमोरा बसून एका पायात रबरी चप्पल घालत होता.

"तुम्ही?"

"मीच," तो वळून म्हणाला. "आईनं वेगळं नाव ठेवलंय, पण ते आता फक्त पगाराच्या दिवशी वापरतात. आणा तो डबा, डिंकबाई. बूट तर चिकटला. फळी चिकटते का बघू."

नाही चिकटली.

त्यानं माझ्यासमोरच सगळं केलं. लाकडाच्या पातळ पापुद्र्यांना डिंक लावला, एकावर एक रचून तापलेल्या प्रेसमध्ये दाबले, थंड झाल्यावर त्या फळीच्या खाच पाडलेल्या पट्ट्या कापल्या आणि त्या उकळत्या पाण्यात सोडल्या. पट्ट्या बाहेर काढून मशीनच्या दोन जबड्यांत धरायच्या आणि ओढायच्या, एवढंच पुढचं काम. पण पहिली पट्टी त्यानं चिमट्यानं उचलली आणि ती मशीनपर्यंत पोचायच्या आतच सुटली. एक पापुद्रा चिमट्यात, दुसरा टपकन पाण्यात.

मी खिडकीबाहेर बघायला लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं – समोरच्या इमारतीची भिंत आणि भिंतीवरून ओघळणारं पाणी.

"बाई," तो हळूच म्हणाला, "पहिल्या फेरीत कुणाचंच टिकत नाही."

"खरंच?"

"नाही. काहींचं टिकतं. पण तुमचा चेहरा बघवेना."

मी हसले. रडायचंच बाकी होतं, पण हसले.

आता आमच्या साहेबांबद्दल सांगायला हवं. ते आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. बुटके, घामट, मनानं लोण्यासारखे आणि स्वभावानं सशासारखे. लिग्निनवर मला काम करू दिलं ते त्यांनीच, आणि वरून ओरडा बसायचा तोही त्यांनाच. मी परत गेले तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं.

"हे बघ पोरी. पावसाळा संपला की वरच्यांची बैठक आहे. तोवर एक नमुना पास झाला तर डिंकाचा छोटा प्लँट उभा करायला ते तयार आहेत. नाही झाला, तर काळं पाणी भट्टीत आणि तू कागदाच्या विभागात. दिवसभर कागद किती पांढरा आहे ते मोजायचं."

"रोज?"

"निवृत्त होईपर्यंत."

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. कधी क्षार वाढव, कधी कमी कर. कधी उष्णता जास्त, कधी वेळ जास्त. दर आठवड्याला नवा डबा घेऊन मी त्या इमारतीत जायची. आता डबा दोरीनं घट्ट बांधलेला असायचा आणि मोड्या मला बघितल्या बघितल्या पाय टेबलाखाली घ्यायचा.

"आज बूट नवे आहेत," तो म्हणायचा. "लांबूनच बोला."

"लांबून बोलायला मी काय ओरडत बसू?"

"मग जवळ या. पण डबा तिकडे ठेवून."

प्रेस तापायला वेळ लागायचा. त्या वेळात आम्ही दोघं खिडकीपाशी चहा घ्यायचो. तो फार बोलायचा नाही, पण ऐकायचा असा, की आपण बोलतोय ते महत्त्वाचं आहे असं वाटावं. एकदा त्यानं विचारलं, "तुमच्या त्या लिग्निनला नक्की झालंय काय? झाडात इतकं घट्ट धरतं, मग फळीत का नाही?"

मी माझे दोन्ही हात पुढे केले. "समजा, हे लिग्निन. धरायला हात आहेत. पण हातांवर आधीच कुणीतरी टोप्या चढवून ठेवल्यात." मी मुठी वळल्या. "अशा हातानं कोण कुणाला धरणार? रसायनशास्त्रातलं माझं काम एवढंच – त्याला नवे, मोकळे हात द्यायचे."

"असे?" त्यानं माझी एक मूठ धरली आणि एकेक बोट उघडलं. करंगळी. अनामिका. मधलं...

प्रेसची घंटा वाजली. आम्ही दोघंही असे दचकलो, की चहा सांडला.

"तुमच्या हाताला वास येतो," तो पाठ फिरवून, प्रेसची कळ दाबत म्हणाला.

"कसला?" मी घाबरून हात लपवले. आमच्या कारखान्याचे वास काही सांगण्यासारखे नसतात.

"धुराचा... आणि व्हॅनिलाचा. जुनं पुस्तक उघडल्यावर येतो तसा."

"ते लिग्निनच! व्हॅनिलाचा वास लिग्निनपासून करता येतो, माहितीये? आणि जुन्या पुस्तकातही तेच झिजत असतं –"

"डिंकबाई," तो म्हणाला, "मी तुमच्या हाताबद्दल बोलत होतो."

त्या दिवशीही पट्टी तुटली. पण घरी जाताना मी बसमध्ये उगाचच हसत होते, आणि शेजारची बाई सरकून बसली.

घरी वहिनीच्या लगेच लक्षात आलं. मी दादा-वहिनीकडे राहते. दादाला घरात आग लागली तरी वर्तमानपत्र संपवून मग उठायची सवय, पण वहिनीचं नाक मांजरासारखं.

"आज पास झाला वाटतं डिंक?" ती कपडे घडी घालत म्हणाली.

"नाही. नापास."

"आणि चेहरा असा? नापास होऊन कुणाला इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच बघतेय. कोण आहे तो?"

"वहिनी, काहीतरीच! तो फक्त फळ्या तोडतो."

"अगं बाई! 'तो' म्हणे," वहिनी दादाकडे बघून म्हणाली. "अहो, ऐकलंत का? 'तो' आला घरात."

दादानं पान उलटलं. "बूट काढून ये म्हणावं."

मी उशी फेकून मारली.

पाऊस सरत आला. आता दिवसातून एखादी सर यायची, मधेच ऊन पडायचं. बैठक जवळ आली होती आणि माझ्याकडे तुटलेल्या पट्ट्यांशिवाय काही नव्हतं. त्या दिवशी तर पट्टी इतक्या सहज सुटली, की मोड्यानंही विनोद केला नाही. त्यानं तो सुटलेला पापुद्रा भिंगाखाली धरला आणि मला हाक मारली.

"हे बघा. मला रसायनातलं कळत नाही. पण हा डिंक सगळीकडे एकसारखा का नाही? मधे ही काळी भुकटी कसली?"

मी भिंगात बघितलं. चकचकीत डिंक, आणि त्यात विखुरलेले काळे, कोरडे कण. माझं लिग्निन. डिंकात ते मिसळलंच नव्हतं. दुसऱ्याच्या घरी आलेल्या बुजऱ्या पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसून होतं – ना कुणाशी बोलणं, ना कुणाचा हात धरणं.

"अरे देवा..." मी म्हणाले.

"काय झालं?"

"मी सगळं एकदम घालतेय! लिग्निन, फिनॉल, जोडणी करणारं फॉर्मल्डिहाइड, सगळे एका भांड्यात! फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडची जुनी गट्टी आहे, ते एकमेकांना धरून मोकळे होतात. लिग्निनला कोण विचारतो? त्याला आधी... आधी एकट्या फिनॉलबरोबर बसवायला हवं. थोडं आम्ल घालून, मंद आचेवर, निवांत. मग फिनॉल लिग्निनला जाऊन चिकटेल. म्हणजे लिग्निनला नवे हात फुटतील. आणि मग तिसऱ्याला बोलवायचं!"

मी त्याचे दोन्ही खांदे धरून हलवत होते, हे मला मग कळलं. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. तो हसत नव्हता. डोळे मात्र...

"जा," तो हळूच म्हणाला. "पळा. करून आणा."

मी पळाले. छत्री तिथेच राहिली. बाहेर सर आली होती, मी भिजत बस पकडली, आणि कारखान्यात साहेबांच्या खोलीत पाणी निथळत उभी राहिले.

"आधी फिनॉल?" साहेब कपाळ पुसत म्हणाले. "म्हणजे एक पायरी वाढली. इंधन वाढलं, वेळ वाढला. वरचे म्हणतील –"

"साहेब, घाईनं जोडलं की तुटतंय. आधी ओळख होऊ द्या."

साहेबांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "तू डिंकाबद्दलच बोलतेयस ना?"

"डिंकाबद्दलच, साहेब!"

"बरं, बरं. कर."

काचेच्या भांड्यात लिग्निन आणि फिनॉल मंद तापत होतं आणि मी समोर स्टूल टाकून बसले होते. आधी ते चिखलासारखं होतं. मग हळूहळू, बघता बघता, त्यातली भुकटी विरघळली. रंग उजळला नाही, काळाच राहिला, पण त्याला चकाकी आली. मी काचेची कांडी बुडवून वर उचलली. एक लांबलचक, अखंड तार निघाली. तुटेना! शेवटी आम्ल मारून, क्षार घालून फॉर्मल्डिहाइड मिसळलं. साहेब मागे उभे राहून पुटपुटत होते, बहुधा देवाचं नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन लिफ्टची वाटसुद्धा न बघता पाच मजले जिना चढले. मोड्याच्या खोलीत धडकले. "झालं! बघा तरी! आज हा तुम्हाला तुटणार नाही. लावा पैज!"

त्यानं डब्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"हा नमुना मी नाही तपासणार," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मोठ्या मॅडम करतील. मी त्यांना सांगितलंय."

मोठ्या मॅडम म्हणजे त्या प्रयोगशाळेच्या मुख्य. जाड चष्मा, कमी शब्द. त्यांच्या हाताखालून नमुना पास होणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, असं तिथले सगळे म्हणायचे.

"पण का? इतके दिवस तुम्हीच –"

"नियम आहे," तो म्हणाला आणि माझी छत्री माझ्यासमोर धरली. "ही राहिली होती."

मी छत्री घेतली. इतक्या वेळा मी हरून गेले तेव्हा हा माणूस माझ्या बाजूला होता, आणि जिंकायच्या दिवशी हा म्हणतो, नियम आहे!

मोठ्या मॅडमनी एकही शब्द न बोलता डबा उघडला, हुंगला, पापुद्र्यांना डिंक लावला. फळी झाली. पट्ट्या पाण्यात गेल्या. "उकळू देत. मग या," एवढंच म्हणाल्या.

आधीच्या कच्च्या चाचण्या तासाभरात उरकायच्या, पण मॅडमच्या तपासणीत पट्ट्या रात्रभर उकळतात. रात्रभर मी कूस बदलत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्या बाहेर निघायच्या आधीच जाऊन पोचले. जिन्यात तो भेटला. खाली उतरत होता, खांद्यावर पिशवी. मला बघून थबकला.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"बाहेर. अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय."

"आज? माझा निकाल लागायच्या दिवशी?" माझा आवाज चढला. "इतका नको झालाय माझा डिंक? की मीच? सरळ सांगा ना! नियमबियम काही नसतो. तुम्हाला वाटतंय हाही तुटणार, आणि परत माझा पडलेला चेहरा बघायचा कंटाळा आलाय. हो ना?"

"नाही."

"मग काय?"

तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. खालून कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला आणि विरला.

"डिंकबाई, मी इतकी वर्षं फळ्या तोडतोय. माझं काम सोपं आहे. पट्टी जबड्यात धरायची, ओढायची, आकडा सांगायचा. पट्टी कुणाची आहे, याच्याशी मला देणंघेणं नसतं. परवा तुम्ही पळत गेलात ना... त्यानंतर मी मशीनसमोर उभा होतो. आणि माझ्या लक्षात आलं, की पुढची पट्टी तुटू नये असं मला वाटतंय. फार वाटतंय. तोडणाऱ्याला असं वाटून कसं चालेल? उद्या कुणी म्हणालं, मोड्यानं हात सैल सोडला, तर डाग तुमच्या डिंकाला लागेल. म्हणून मी मॅडमना जाऊन सांगितलं, हा नमुना माझ्याकडे नको."

"मॅडमनी विचारलं असेल ना, का?"

"विचारलं."

"मग... काय सांगितलंत?"

त्याचे कान लाल झाले. "खरं तेच सांगितलं. म्हटलं, त्या बाईंवर माझं प्रेम बसलंय."

जिना तिथेच होता, कठडा तिथेच होता. मीच कुठेतरी तरंगत होते.

"तुम्ही हे... मला सांगायच्या आधी मॅडमना सांगितलंत?"

"चुकलंच," तो म्हणाला. "मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, 'कळलं. प्रेसचं तापमान लावून जा.'"

मला हसू फुटलं, त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी वरून खिडकीतल्या बाईची हाक आली, "कागदवाल्या मॅडम! पट्ट्या काढल्या हो!"

"जा," तो म्हणाला. "मी समोर बसस्टॉपवर आहे. उत्तराची घाई नाही... म्हणजे आहे. पण जा."

मोठ्या मॅडमनी पहिली पट्टी जबड्यात अडकवली. ओली, वाफाळती, काळ्या रेघांची पट्टी. मी श्वास धरला. त्यांनी कळ दाबली. जबडे दूर सरकू लागले. काटा चढला. आजवर माझ्या पट्ट्या जिथे सुटायच्या ती जागा गेली. काटा चढतच राहिला. पट्टी करकरली...

फाट्!

मी डोळे मिटले.

"उघडा डोळे," मॅडम म्हणाल्या. तुटलेले दोन्ही तुकडे त्यांनी उजेडात धरले. दोन्हींवर लाकडाचे तंतू उभे राहिले होते, ओरबाडल्यासारखे. "कुठे तुटलंय, बघा."

मी बघितलं. डिंकाची काळी रेघ जशीच्या तशी होती. डिंक सुटलाच नव्हता. लाकूडच फाटलं होतं!

त्यांनी एकामागून एक सगळ्या पट्ट्या तोडल्या. प्रत्येक वेळी लाकूड फाटलं, डिंक नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला. "चांगला आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकायला लोक जन्मभर थांबतात, असं मला नंतर कळलं. मी मात्र त्यांना मिठी मारून मोकळी झाले. त्या ओंडक्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. मग माझ्या पाठीवर एक हलकी थाप पडली. "जा आता. तो भिजत असेल."

मी जिना उतरले नाही, घरंगळले. बाहेर उन्हातच बारीक पाऊस पडत होता. रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर तो उभा होता, इमारतीकडे मुद्दाम पाठ करून. छप्पर होतं, पण हा छपराच्या बाहेरच. मी रस्ता ओलांडला. एका स्कूटरवाल्यानं माझ्या खानदानाची चौकशी केली. मला ऐकूही आली नाही.

"अहो! ऐका –"

तो गर्रकन वळला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "थांबा! सांगू नका!"

"अहो, पण –"

"आधी माझं उत्तर. डिंकाचं नंतर."

"असं काय करता? मला फुटायला होतंय!"

"फुटा. पण आधी उत्तर. पास झाला असेल, तर आनंदाच्या भरात 'हो' म्हणाल. नापास झाला असेल, तर रडता रडता कुणाचा तरी खांदा हवा म्हणून 'हो' म्हणाल. मला दोन्ही नको. तो डिंक क्षणभर बाजूला ठेवा आणि मला सांगा."

माझ्या आयुष्यात मी लिग्निन कधी बाजूला ठेवलं नव्हतं. ओठांपर्यंत आलेलं सगळं मी दात दाबून आत ढकललं. पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून गालावर येत होतं. तो ते पुसतही नव्हता. बसस्टॉपवरच्या दोन आजीबाई बोलायच्या थांबल्या होत्या. आणि मग खरोखरच सगळं बाजूला झालं – बैठक, प्लँट, साहेब. उरला समोरचा हा माणूस, जो मला हरताना इतक्या वेळा बघूनही दर वेळी पुढच्या आठवड्याची वाट बघत होता.

"हो," मी म्हणाले. "तू नुसता उभा असलास तरी मला बरं वाटतं. फार आधीपासून. हो."

'तू' कधी आलं, मलाही कळलं नाही. त्याला कळलं. त्यानं डोळे मिटले, एक खोल श्वास सोडला, आणि माझी ओली बोटं आपल्या ओल्या बोटांत गुंफली.

"बरं," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "आता सांग."

"लाकूड फाटलं!" मी किंचाळले. "सगळ्या पट्ट्यांचं लाकूड फाटलं! डिंक जागचा हलला नाही!"

त्यानं अशी आरोळी ठोकली, की समोर येऊन थांबलेल्या बसमधली माणसं खिडक्यांना आली. त्यानं मला उचललं, गोल फिरवलं, माझी एक चप्पल उडून गटारापाशी पडली, आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो.

"काय गं, काय झालं?" एका आजीबाईंनी दुसरीला विचारलं.

"लाकूड फाटलं म्हणे," दुसरी म्हणाली.

"त्यात एवढं काय?"

"कोण जाणे, बाई. पण आनंदाची बातमी दिसतेय. सरक, त्यांना बसायला जागा दे."